वर्गात कॉपी का होते, हे शोधावे कसे

परीक्षेत कॉपी सापडली की शाळेत दोनच प्रश्न विचारले जातात : कोणी केली, आणि आता त्याचे काय करायचे. ती त्याच पेपराला, त्याच खोलीत आणि त्याच अर्ध्या तासात का झाली, हा तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि तो विचारल्याशिवाय पुढच्या वर्षी काही बदलत नाही, असा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्याचा आणि पर्यवेक्षण करण्याचा माझा अनुभव आहे. पुढील मजकूर आठवी ते बारावीच्या वर्गशिक्षकांसाठी, विषयशिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी लिहिला आहे. भरारी पथकाचे काम कसे करावे, हे त्यात नाही. आपल्या वर्गातील कॉपीमागची कारणे एका सत्रात कशी शोधून काढावीत आणि त्यांपैकी जी आपल्या हातातली आहेत ती कशी बदलावीत, एवढाच त्याचा विषय आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. काही मुले मुळात कॉपी करणारी आणि बाकीची सरळ, अशी विभागणी आपण मनात करून ठेवलेली असते. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांची परीक्षा घेऊन १९२८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांची एक युक्ती अशी होती की, मुलांनी लिहिलेल्या उत्तरपत्रिकांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग मूळ उत्तरपत्रिका आणि बरोबर उत्तरांची यादी मुलांच्याच हाती देऊन स्वतःचे गुण स्वतः द्यायला सांगायचे आणि नंतर दोन्ही ताडून पाहायचे. एका ठिकाणी उत्तर बदलणारे मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागते, आणि प्रामाणिकपणा पुष्कळसा प्रसंगावर ठरतो, असे त्यांना आढळले. वर्गशिक्षकाच्या दृष्टीने हे दिलासा देणारे आहे, कारण मुलाचा स्वभाव एका सत्रात बदलता येत नाही, पण प्रसंग बदलता येतो.

पहिली पायरी : कॉपीचे प्रकार वेगळे लिहून काढा

एका कागदावर आपल्या शाळेत प्रत्यक्ष काय काय चालते, याची यादी करावी. चिठ्ठी नेणे, शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे, वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे बोटांच्या खुणांनी सांगणे, गृहपाठ उतरवणे, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल जसेच्या तसे उतरवणे, स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणणे, मोबाइलवरून निबंध लिहून घेणे, आणि मोठ्यांनी स्वतःहून पुरवलेली कॉपी. ही सगळी कामे एका शब्दात बसतात, पण त्यांची कारणे निराळी आहेत. चिठ्ठी आदल्या रात्री ठरवून केलेली असते. डोकावणे त्या क्षणाचे असते. आणि जर्नल उतरवणे ही कॉपी आहे असे मुलांना वाटत नाही आणि, खरे सांगायचे तर, आपल्यालाही वाटत नाही.

प्रत्येक प्रकारापुढे तीन रकाने करावेत : विद्यार्थी याला कॉपी मानतात का, मी मानतो का, शाळेचा नियम मानतो का. हाच कागद शिक्षकांच्या बैठकीत प्रत्येकाने एकमेकांचे न पाहता भरावा (इथे तरी). दोघांनी मिळून गृहपाठ करणे हे एका शिक्षकाच्या रकान्यात 'चांगली सवय' आणि दुसऱ्याच्या रकान्यात 'कॉपी' असे निघाले, तर गोंधळाचा उगम मुलांमध्ये नाही, हे त्याच बैठकीत सर्वांच्या लक्षात येते.

दुसरी पायरी : नोंदवही ठेवा, आणि चिठ्ठी फाडू नका

पहिल्या घटक चाचणीपासून एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात मुलाचे नाव लिहू नये. विषय, प्रश्न क्रमांक, बाक कुठल्या रांगेत होते, पेपर सुरू होऊन किती मिनिटे झाली होती, पर्यवेक्षक तेव्हा काय करत होते आणि कॉपीचा प्रकार कोणता, एवढेच लिहावे. पर्यवेक्षक काय करत होते हा रकाना भरायला जड जातो, कारण पुष्कळदा पर्यवेक्षक हजेरीपत्रकावर सह्या घेण्यात किंवा पुरवण्या मोजण्यात गुंतलेले असतात. पण नेमकी तीच माहिती पुढे उपयोगी पडते. दोन चाचण्यांनंतर वही चाळली की नोंदी एखाद्या विषयाभोवती, एखाद्या खोलीभोवती किंवा शेवटच्या पाऊण तासाभोवती गोळा झालेल्या दिसू लागतात.

सापडलेली चिठ्ठी फाडून टाकण्याआधी ती नीट वाचावी, कारण मूल तोंडाने जे सांगत नाही ते तिच्यात लिहिलेले असते. माझ्याकडे एक चिठ्ठी बरेच दिवस होती : अंगठ्याएवढ्या रुंदीची, कंदिलाच्या कागदासारख्या घड्या घातलेली, मनगटी घड्याळाच्या पट्ट्याखाली बसेल अशी. तिच्यावर एकही उत्तर नव्हते. रसायनशास्त्रातील अकरा सूत्रे होती, आणि तीही सुवाच्य अक्षरात, रंगीत पेनाने अधोरेखित केलेली. एवढी मेहनत घेणाऱ्या मुलीला अभ्यासाचा कंटाळा होता असे म्हणता येणार नाही; तिला पाठांतराची भीती होती, आणि माझा पेपर पाठांतरच तपासत होता. याउलट दुकानातून छोट्या अक्षरात काढून आणलेल्या मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठीत गाईडमधली पानेच्या पाने असतात आणि मुलाला त्यातले कोणते पान कोणत्या प्रश्नाचे, हेही सांगता येत नाही. पहिल्या चिठ्ठीवर उपाय पेपरात आहे, तर दुसरीवर जून महिन्यातच व्हायला हवा होता.

तिसरी पायरी : नाणे उडवून विचारा

'तू कॉपी करतोस का' असे सरळ विचारून खरे उत्तर मिळत नाही, आणि निनावी कागदावर विचारले तरी सर अक्षर ओळखतील, ही भीती राहते. यावर संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेल्या कल्पनेचे एक सोपे रूप शाळेत सहज वापरता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने एक नाणे आणावे आणि ते कोणाला दिसणार नाही असे उडवावे. छापा पडला तर खरे काहीही असो, कागदावर 'हो' लिहावे; काटा पडला तर 'गेल्या सत्रात मी एकदा तरी चिठ्ठी पाहून किंवा दुसऱ्याचे पाहून परीक्षेत उत्तर लिहिले' या वाक्याला खरे उत्तर द्यावे. 'हो' लिहिणाऱ्या कोणत्याही एका मुलाने कॉपी केली असे यातून कोणालाच म्हणता येत नाही, आणि ही गोष्ट मुलांना आधी फळ्यावर समजावून सांगावी.

हिशेब असा करतात. समजा, आठवी ते दहावीच्या २४० मुलांनी कागद दिले आणि त्यांत १६२ 'हो' निघाले. निम्म्यांना, म्हणजे सुमारे १२० जणांना, छापा पडला असणार आणि त्यांचे 'हो' नाण्याचे आहेत. उरलेले ४२ 'हो' हे काटा पडलेल्या १२० जणांचे आहेत, म्हणजे प्रमाण सुमारे ३५ टक्के झाले. हा आकडा दहा-बारा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. एकाच वर्गावर हा प्रयोग करू नये, कारण साठ नाण्यांत ३० ऐवजी ३६ छापे पडणे सहज घडते आणि मग सगळा हिशेब कोलमडतो. गणिताच्या शिक्षकांनी हा तास घेतला तर संभाव्यतेचा धडाही उरकतो.

याच कागदाच्या मागे, नाण्याशिवाय, आणखी दोन प्रश्न ठेवावेत : 'तुमच्या मते वर्गातील दहांपैकी किती जण कॉपी करतात?' आणि 'कोणत्या विषयाच्या पेपराला कॉपी करावीशी वाटते, आणि का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाण्याच्या हिशेबापेक्षा पुष्कळ मोठे निघाले, तर ती माहिती पुढे वापरायची आहे.

कारणे कुठे शोधावीत

आता नोंदवही, चिठ्ठ्या आणि कागद समोर घेऊन बसावे. खाली दिलेली कारणे सगळीकडे सारख्या वजनाची नसतात, त्यामुळे आपल्या वर्गात कोणते चालते ते नोंदींवरून ठरवावे.

सर्वात आधी मागे पडलेल्या अभ्यासाकडे पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले. दोष कायद्याचा होता असे मी म्हणणार नाही, कारण मागे पडलेल्या मुलासाठी जादा शिकवणी अपेक्षितच होती. ती किती ठिकाणी झाली, हे आपण सगळे जाणतो. परिणाम असा की, अपूर्णांकांचा भागाकार न येणारे मूल नववीच्या बीजगणितापुढे येऊन बसते, आणि २०२३ चा बदल होईपर्यंत तरी नापास होण्याची भीती त्याला आयुष्यात पहिल्यांदा नववीतच भेटत असे. अशा मुलाला कॉपी करू नकोस असे सांगणे म्हणजे कोरा पेपर दे असे सांगणे होय. नोंदींत नववीचे गणित आणि इंग्रजी वारंवार येत असतील, तर मुळाशी हे कारण आहे, असे समजून तपासाला लागावे.

दुसरे कारण आपल्याकडचे खास आहे आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी दहावी झालेले मूल अकरावी विज्ञानाला येते आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे सगळे अचानक इंग्रजीतून सुरू होते. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांचे निभावते. बाकीच्यांचे पहिले सहा महिने शब्दांशी झटापट करण्यात जातात. त्यांना संकल्पना कळलेली असते, पण ती तीन इंग्रजी वाक्यांत मांडता येत नाही, म्हणून ते वाक्ये पाठ करतात, आणि पाठ न झालेली वाक्ये चिठ्ठीवर जातात. तपासण्याचा मार्ग सोपा आहे : चिठ्ठी सापडलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारावा. तो नीट उत्तर देतो असे झाले, तर दुखणे विषयाचे नसून भाषेचे आहे.

तिसरे कारण म्हणजे परीक्षेचे वजन, पण त्याला दोन बाजू आहेत. एकाच पेपरावर सगळे अवलंबून असले की धाक वाढतो, ही एक बाजू सर्वांना माहीत आहे. दुसरी बाजू अशी की, ज्या परीक्षेला विद्यार्थी किंमत देत नाही, तिथेही तो कॉपी करतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश मुख्यतः सीईटी आणि नीटच्या गुणांवर होऊ लागल्यापासून क्लासमध्ये दिवस घालवणाऱ्या आणि महाविद्यालयात केवळ नाव असणाऱ्या मुलांना बारावीची परीक्षा ही अट पुरी करण्याची औपचारिकता वाटते. सीईटीचे अवघड गणित प्रामाणिकपणे सोडवणारा हाच मुलगा बारावीच्या भाषेच्या पेपराला शेजाऱ्याकडे मान वळवतो. त्याला गुणांच्या ओझ्याखाली दबलेला समजून समुपदेशन करणे व्यर्थ आहे. त्या पेपराने त्याला काही दिले आहे असे त्याला वाटत नाही, हे त्याचे खरे कारण असते.

चौथे कारण सोबत्यांचे. डोनाल्ड मॅककेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी अमेरिकेतील ३१ महाविद्यालयांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये असे मांडले की, पाहिलेल्या घटकांपैकी 'इतर विद्यार्थी काय करतात असे मला वाटते' याचा कॉपीशी सर्वात घट्ट संबंध आहे. इथे 'वाटते' हा शब्द महत्त्वाचा आहे. सगळेच करतात अशी समजूत झाली की न करणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. आपल्या नाण्याच्या प्रयोगात ३५ टक्के निघाले आणि मुलांच्या अंदाजात ते दहांपैकी आठ असले, तर दोन्ही आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत आणि काहीही उपदेश न करता फळा तसाच ठेवावा.

पाचवे कारण संधी. त्याबद्दल फार लिहायला नको, कारण सगळे प्रशासन त्याच एका कारणावर काम करत असते. बंदोबस्ताने फरक पडतो, यात शंका नाही. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी चालवलेल्या कॉपीमुक्ती अभियानाची चर्चा राज्यभर झाली ती उगीच नव्हे. लहानसा बदलही कधी पुरतो : पेपर सुरू होण्याआधी वाचनासाठी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका देण्याची पद्धत होती, त्या वेळात प्रश्न बाहेर फिरू लागल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा राज्य मंडळाने २०२३ पासून ती दहा मिनिटे पेपराच्या शेवटी वाढवून दिली. मात्र बंदोबस्त उठला की मागची चार कारणे जिथल्या तिथे असतात.

आणि सहावे कारण म्हणजे आपण. मार्च २०२३ मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपराची पाने बुलढाणा जिल्ह्यातून मोबाइलवर फिरली, त्या प्रकरणात अटक झालेल्यांत शिक्षक होते. एवढे टोक सोडून देऊ. पण अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण वर्गातल्या सगळ्यांना सरसकट १९ किंवा २० पडतात, तेव्हा गुण आणि काम यांचा संबंध नाही, हे मूल शिकते. लंबकाच्या प्रयोगाचे जर्नल तपासताना एकदा माझ्या लक्षात आले की, एका तुकडीतील बहुतेक जर्नलांत दोलनाच्या वेळेचे आकडे दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखे आहेत. पाने मागे उलटली तर एका जर्नलात प्रयोगाची तारीखसुद्धा आदल्या वर्षाची उतरलेली होती, आणि तिच्याखाली माझी सही होती. मी तारीख न वाचता सही केली होती. त्या मुलांना प्रामाणिकपणाविषयी काही सांगण्याचा अधिकार मला त्या दिवशी नव्हता. शाळेचा निकाल टिकावा म्हणून वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या वेळी काणाडोळा करणारे पर्यवेक्षक आणि केंद्राच्या भिंतीबाहेर उभे राहणारे पालक हेही याच कारणात येतात. नोंदवहीत मोठ्या माणसांचा सहभाग दिसत असेल, तर तो मुलांच्या आधी निस्तरावा लागतो, नाहीतर पुढचे सगळे हास्यास्पद ठरते.

सबबी ऐकून घ्या

समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांच्या संदर्भात असे दाखवले की, चुकीचे कृत्य करणारा मुलगा ते चूक आहे हे मानत असतो, पण ठराविक पाच सबबींनी स्वतःपुरती त्याची धार बोथट करतो. पुढे हीच मांडणी कॉपीला लावली गेली. आपल्या वर्गात त्या सबबी अशा ऐकू येतात : 'सरांनी हा धडा शिकवलाच नाही, मी काय करू', 'दोन मार्कांनी कुणाचं काय बिघडतं', 'पेपरच तसला काढला होता, मग असंच होणार', 'सर तरी कुठे वेळेवर तासाला येतात', आणि 'मित्राने मागितलं, नाही कसं म्हणू'. यांना उद्धट उत्तरे समजून गप्प करण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या वहीत जशाच्या तशा टिपाव्यात आणि प्रत्येक सबबीपुढे एकच शब्द लिहावा : खरी की खोटी. धडा खरोखरच घाईत उरकला असेल, तर सबब खरी आहे आणि ती काढून टाकणे आपल्याच हातात आहे. पाचवी सबब मात्र वेगळी हाताळावी लागते, कारण मैत्री हा गुण आहे. त्या मुलाला 'सरांनी बाक वेगळा केला, माझा इलाज नव्हता' असे म्हणता यावे, अशी बैठक व्यवस्था करून देणे हा त्यातल्या त्यात माणुसकीचा मार्ग आहे.

काय बदलावे

सगळे एकदम बदलू नये. नोंदींनी दाखवलेली दोन कारणे निवडावीत. मला ज्यांचा उपयोग झाला ते बदल सांगतो.

पाठांतराच्या भीतीतून चिठ्ठ्या येत असतील, तर चिठ्ठीला परवानगी द्यावी. शाळेच्या शिक्क्याचा, पोस्टकार्डाच्या आकाराचा एक कागद प्रत्येकाला आठवडाभर आधी द्यावा. त्यावर स्वतःच्या हाताने हवे ते लिहून घटक चाचणीला आणता येईल आणि तो उत्तरपत्रिकेला जोडावा लागेल, असे सांगावे. काय लिहायचे हे निवडताना मुलांचा निम्मा अभ्यास होतो. अर्थात मग पेपरही बदलावा लागतो : व्याख्या लिहा, सूत्र लिहा, हे प्रश्न त्यातून जातात आणि उदाहरण किंवा आकृती देऊन विचारलेले प्रश्न येतात. मंडळाच्या परीक्षेत असा कागद नसतो, म्हणून दुसऱ्या सत्रात तो निम्म्या आकाराचा करावा आणि सराव परीक्षेला काढून घ्यावा.

एका मोठ्या चाचणीऐवजी दर पंधरवड्याला दहा गुणांची छोटी चाचणी घेऊन त्यांतल्या सर्वात कमी गुणांच्या दोन चाचण्या सोडून द्याव्यात. एका दिवसाच्या अपयशाची किंमत कमी झाली की चिठ्ठी करण्याचे श्रम महाग वाटू लागतात. तपासण्याचे काम वाढते, ही तक्रार रास्त आहे; मी पाचच प्रश्न ठेवतो आणि उत्तरे लगेच वर्गात सांगून टाकतो. भाषेची अडचण असलेल्या अकरावीच्या मुलांना पहिल्या सत्राच्या अंतर्गत चाचण्यांत मराठीतून किंवा मिश्र भाषेत उत्तर लिहू द्यावे आणि दिवाळीनंतर इंग्रजीचा आग्रह धरावा.

जर्नलचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्याच्याच जर्नलातील एक आकडा दाखवून 'हा कसा मोजलास' एवढेच विचारावे. साठ मुलांना दोन मिनिटे म्हणजे दोन तास होतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाला सर्वांना न विचारता चिठ्ठ्या टाकून आठ जणांना विचारावे. आपले नाव निघू शकते, एवढे पुरते.

पर्यवेक्षकाने टेबलाशी बसण्याऐवजी वर्गाच्या मागे उभे राहावे, कारण मागे वळून पाहणारे मूल स्वतःच ओळखू येते. पुरवण्या आणि सह्या पहिल्या अर्ध्या तासात उरकाव्यात आणि शेवटचा पाऊण तास हातात काहीही काम ठेवू नये.

एका उपायाबद्दल सावध करावेसे वाटते. अर्जाच्या शेवटी न घेता सुरुवातीलाच प्रामाणिकपणाच्या प्रतिज्ञेवर सही घेतली की लबाडी कमी होते, असे सांगणारे २०१२ मधील एक गाजलेले संशोधन अजूनही प्रशिक्षणांत उद्धृत केले जाते. ते त्यातील आकडेवारीच्या विश्वासार्हतेवर प्रश्न आल्यामुळे २०२१ मध्ये मागे घेण्यात आले आहे. कॉपीमुक्तीची शपथ घ्यायला हरकत नाही, पण शपथ झाली म्हणजे काम झाले, असे समजू नये.

सापडल्यावर काय करावे

मंडळाच्या परीक्षेत निर्णय पर्यवेक्षकाने घ्यायचा नसतो. साहित्य ताब्यात घेऊन केंद्रसंचालकांना कळवावे आणि पुढची कार्यवाही नियमाप्रमाणे होऊ द्यावी. राज्यात परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा १९८२ चा कायदा लागू आहे. २०२४ चा केंद्राचा कायदा, ज्यातल्या दहा वर्षे कैदेच्या आणि एक कोटी दंडाच्या बातम्या मोबाइलवर फिरतात, तो केंद्रीय भरती आणि प्रवेश परीक्षांत पेपर फोडणाऱ्या व्यक्ती आणि टोळ्यांसाठी आहे; दहावीच्या मुलांना त्याचा धाक घालणे चुकीचे आहे आणि मुले ते शोधून काढतातही.

शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत मात्र पुष्कळ काही आपल्या हातात असते. कागद शांतपणे काढून घ्यावा, वेळ लिहावी, नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू द्यावा. वर्गासमोर उभे करणे, चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवणे, पालकांच्या गटावर छायाचित्र टाकणे, यांपैकी काहीही करू नये. चारचौघांत झालेला अपमान सहन न होऊन मुलांनी जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या घटना आपल्या राज्यातही घडल्या आहेत. त्या दिवशी मूल एकटे घरी जाणार नाही, हे पाहावे. बोलणे दुसऱ्या दिवशी, दार उघडे ठेवून, आणखी एका शिक्षकाच्या उपस्थितीत करावे आणि सुरुवात 'का केलेस' या प्रश्नाने करू नये, कारण त्याचे उत्तर रडू किंवा खोटे यांपैकी एक असते. 'या पेपरातला कोणता प्रश्न तुला येत होता?' इथून सुरुवात केली, तर येत नसलेल्याकडे मूल स्वतः वळते. शिक्षा म्हणून त्या प्रश्नाचे गुण रद्द करावेत आणि पंधरा दिवसांनी त्याच भागावर पुन्हा चाचणी घ्यावी. शिक्षा सर्वांना सारखी हवी; संस्थाचालकांच्या नातलगाला एकदा सोडले की नोंदवही बंद केलेली बरी.

मोबाइलने लिहिलेला निबंध

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरी लिहून आणण्याच्या कामाचा अर्थच बदलला आहे. मजकूर यंत्राने लिहिला आहे की नाही हे सांगणाऱ्या संगणकीय चाळण्यांवर विसंबून कोणालाही दोषी ठरवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपली अशी चाळणी अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतली, आणि स्टॅनफर्डमधील संशोधकांना त्याच वर्षी असे आढळले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा चाळण्यांनी यंत्राचे ठरवले. आपली मुले नेमकी त्याच गटात मोडतात. त्यापेक्षा निबंधाचा पहिला कच्चा आराखडा वर्गात हाताने लिहून घ्यावा, तो आपल्याजवळ ठेवावा आणि पुरा निबंध आल्यावर त्यातला एखादा परिच्छेद तोंडी समजावून सांगायला लावावा. आजोबांच्या गावच्या जत्रेवर निबंध असेल आणि जत्रा कोणत्या देवाची हे मुलाला सांगता येत नसेल, तर चाळणीची गरज नाही.

पुन्हा मोजा

नाण्याचा प्रयोग दिवाळीनंतरच्या चाचण्या संपल्यावर, साधारण जानेवारीत, त्याच वाक्यासह पुन्हा करावा. वाक्य बदलले तर तुलना होत नाही. प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी खाली आले म्हणून आनंद मानू नये, कारण तेवढा फरक नाण्याचाही असू शकतो. पण नोंदवहीतील नोंदी एका विषयावरून उठून दुसऱ्याकडे गेल्या आहेत का, हे मात्र नीट पाहावे. माझ्या वहीत एका वर्षी रसायनशास्त्राच्या नोंदी जवळजवळ संपल्या आणि जीवशास्त्राच्या वाढल्या. शिक्षककक्षात ती वही जीवशास्त्राच्या मॅडमसमोर कशी ठेवावी, याचा विचार करण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी मी आधी माझ्याच विषयाची, आदल्या वर्षीची पाने उघडून त्यांना दाखवली, आणि मग त्यांनी स्वतःच पुढची पाने मागून घेतली.